अनुकूल बाजूचं भाषण

आपल्याला बोलता येतं हे मला फार लवकर कळलं, आणि त्याचा माज फार उशिरा उतरला. शाळेत पंधरा ऑगस्ट असो की कुणाची जयंती, भाषणाला माझं नाव ठरलेलं. कॉलेजात गेले तेव्हा माझ्याजवळ शेरांनी भरलेली एक वही होती आणि कुठल्याही विषयावर पाच मिनिटं बोलायची तयारी होती. विषय आपल्याला समजलेला असावा, असं काही मला तेव्हा वाटत नसे.

नव्व्याण्णव साली मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. बेलापूरहून रोज एसटीने श्रीरामपूरला कॉलेजला जायची. माझी मैत्रीण देवळाली प्रवरेहून यायची. वादविवादाच्या संघात आम्ही दोघी. या स्पर्धांचा नियम असा की प्रत्येक कॉलेजने दोघांना पाठवायचं, एकाने विषयाच्या बाजूने बोलायचं आणि दुसऱ्याने विरुद्ध. दोघांचे गुण मिळून फिरती ढाल कॉलेजला, आणि सगळ्यांत सरस बोलेल त्याला पहिलं बक्षीस वेगळं. म्हणजे एकाच एसटीने जायचं, एका डब्यात जेवायचं, मग व्यासपीठावर एकमेकींना खोडून काढायचं आणि येताना पुन्हा शेजारी बसायचं. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नसे. बाजू म्हणजे आमच्या लेखी इस्त्रीचा ड्रेस होता, स्पर्धेपुरता घालायचा.

आमचे सर मराठी शिकवायचे. श्रोता पटल्यावर टाळ्या वाजवत नाही, पेटल्यावर वाजवतो, असं ते सांगायचे. मी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं.

त्या जूनमध्ये कारगिलची लढाई चालू होती. एसटीत, चहाच्या टपरीवर, दळणाच्या रांगेत, जो तो सेनापती झाला होता. जुलैच्या सुरुवातीला राहुरीला स्पर्धा ठेवली होती आणि विषय दिला होता, ‘नियंत्रणरेषा ओलांडून सरळ युद्ध पुकारणे हाच देशापुढील योग्य मार्ग आहे’. सरांनी अनुकूल बाजू मैत्रिणीला दिली आणि प्रतिकूल मला. “तुझ्या घरात बुद्धाची तसबीर आहे,” ते हसत म्हणाले, “मसाला घरचाच निघेल.”

मसाला खरंच घरचा निघाला. माझे वडील साखर कारखान्यात फिटर होते. रोज दोन पेपर वाचायचे आणि पेपराशीही भांडायचे. मी विचारलं तसे सुरूच झाले. “शत्रूला हुसकून लावायचं, ते बराबरच हाय. त्याला कोन नाय म्हनतंय? पर रेघ वलांडायची म्हंजी येगळं. मागच्या साली दोघांनी बी बॉम्ब उडवून दाखवलेत. एकदा सुटलं की कुनाच्या हातात ऱ्हातंय का? आन् ठरवनारे येगळे, जानारे येगळे. जानारी पोरं आपल्यासारख्यांचीच असत्यात.” मी भराभर लिहून घेत होते. जाता जाता ते म्हणाले, “जे आपल्याला वाटत न्हाई, ते लई जोरात बोलू नये.” ते मी लिहून घेतलं नाही. त्यात भाषणाला उपयोगी असं काही नव्हतं.

स्पर्धेला चार दिवस राहिले असताना मैत्रिणीने मला श्रीरामपूरच्या स्टँडवर एक पत्र दाखवलं. तिचा मोठा भाऊ फौजेत ड्रायव्हर होता. रेशन आणि तोफगोळे भरलेला ट्रक डोंगराच्या पायथ्यापर्यंत न्यायचं त्याचं काम. घरी आलेली पत्रं तीच आईवडिलांना वाचून दाखवायची. या पत्रात मात्र शेवटी चार ओळी फक्त तिच्यासाठी होत्या. ‘आईला वाचू नको. वर गेलेली पोरं खाली येतात ती मीच ट्रकात घालून आणतो. देवाला सांग, वर जायचा माझा नंबर येऊ नये.’ घरी तिने त्या ओळी गाळल्या होत्या.

“रेषा वलांडा असं मी कसं म्हनू गं?” ती म्हणाली. “माझ्या तोंडातून शब्दच फुटत न्हाई. आपन बाजू बदलू.”

मी लगेच हो म्हणाले. मैत्रिणीसाठी आपण केवढं करतोय, असं मला वाटलं. आमच्या वह्यांची अदलाबदल झाली आणि वडिलांचे सगळे मुद्दे मी तिला देऊन टाकले.

अनुकूल बाजूही लंगडी नव्हती, हे सांगायला हवं. शत्रू माथ्यावर बसलाय आणि आपली पोरं छातीवर गोळ्या झेलत खालून चढताहेत. रेषेपलीकडून त्यांची रसद तोडली तर आपली कमी माणसं मरतील. एक हात पाठीला बांधून कुस्ती खेळायला का सांगता? शिवाय आज सोडलं तर उद्या ते पुन्हा येतील. दोन दिवसांत मला हे सगळं माझंच वाटायला लागलं. आवाज चढवायला जागा होत्या, शेर बसत होते. मी घरी आरशासमोर बोलून पाहत असताना वडील पेपर मिटून बाहेर जाऊन बसले, तेही मला दिसलं. पण मी थांबले नाही.

राहुरीचा हॉल भरला होता. मैत्रिणीचे वडील धुतलेली टोपी घालून दुसऱ्या रांगेत बसले होते. तिचा नंबर माझ्या आधी होता. तिने माझ्या वडिलांचे मुद्दे नीट मांडले, सारं जग आज आपल्या बाजूने आहे ते रेषा पाळल्यामुळेच, असंही सांगितलं, आणि मग कागद खाली ठेवला. “माझी आई आता बातम्या ऐकत नाही,” ती म्हणाली. “रेडिओ लागला की ती परसात जाते आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासते. युद्ध पुकारा म्हणणाऱ्यांनी एकदा त्या भांड्यांचा आवाज ऐकावा.” परीक्षकांनी पेनं खाली ठेवली.

मला तिचा हेवा वाटला. आजवर मी हे काहीबाही शब्दांत झाकलं, पण तो हेवाच होता. पहिलं बक्षीस माझं असायचं, आणि ही न ओरडता ते घेऊन चालली होती.

माझं भाषण चांगलं चाललं होतं, पण पेटत नव्हतं. चार मिनिटांची घंटा झाली. एका मिनिटात काहीतरी करायला हवं होतं, आणि माझ्या हाताशी एकच गोष्ट होती. “घरच्या काळजीला देशाचं धोरण म्हणू नका,” मी म्हणाले. “मला एक जवान माहीत आहे. तो पत्रात लिहितो, देवाला सांग, वर जायचा माझा नंबर येऊ नये. मित्रहो, नंबर येऊ नये म्हणणाऱ्यांच्या जिवावर देश राखला जात नाही. तो राखला जातो ‘आधी मी’ म्हणणाऱ्यांच्या जिवावर.”

टाळ्या थांबेनात. शेवटची घंटा त्यांत बुडून गेली. मैत्रिणीचे वडीलही टाळ्या वाजवत होते. त्या ओळी त्यांनी कधी ऐकल्याच नव्हत्या. मैत्रीण खुर्चीत मान खाली घालून बसली होती. हॉलमध्ये तेवढ्या एकीलाच ठाऊक होतं, मी काय केलं ते.

ढाल आमची झाली आणि पहिलं बक्षीस माझं. एसटीत ढाल तिच्या मांडीवर होती. मी म्हणाले, “नाव तर घेतलं नाही ना मी.” ती म्हणाली, “व्हय, नाव न्हाई घेतलं.” एवढ्यावर मी तो विषय मिटला असं धरून चालले.

तालुक्यातल्या एका साप्ताहिकात ढाल धरलेला आमच्या दोघींचा फोटो आला. खाली माझ्या भाषणातली ती वाक्यं, चौकटीत. मैत्रिणीच्या वडिलांना लेकीच्या फोटोचं कौतुक. त्यांनी ते कात्रण नीट कापलं आणि पाकिटात घालून, पोस्टात पत्ता लिहवून घेऊन पोराला पाठवून दिलं.

त्यानंतर भावाची तिला पत्रं येईनाशी झाली. वडिलांच्या नावे यायची, दोन ओळींची, ‘सुखरूप आहे’. लढाई संपली होती, गावोगाव पेढे वाटून झाले होते. तिला काही उमजेना. ऑगस्टच्या शेवटी बोलता बोलता वडिलांच्या तोंडून कात्रणाचं निघालं, तशी ती सकाळच्या पहिल्या गाडीने थेट माझ्या घरी बेलापूरला आली.

“त्याला वाटलं आसंल, मीच सगळ्यांना वाचून दाखवलं,” ती म्हणाली. “माझं पत्र तो उघडायचा बी न्हाई. तूच लिही. चार ओळी लिही. म्हनावं, बाजू वाटून देतात, माझी मूळची बाजू दुसरीच हुती, ते वाक्य नुसतं टाळ्यांसाठी हुतं.”

लिहिते म्हणाले. पत्ताही घेतला. आणि लिहिलं नाही. कुठल्याही विषयावर पाच मिनिटं बोलणारी मी, मला चार ओळी लिहिता येईनात. बसले की पहिल्याच वाक्यात स्वतःची बाजू मांडायला लागायची. ‘त्या वेळी वातावरणच असं होतं की’, वगैरे. मग फाडायची. मग गणपती आले, मग सहामाही परीक्षा, मग दिवाळी. ती दर आठवड्याला विचारायची, “टाकलंस का?” आणि एकदा, फक्त एकदा, मी “टाकलं” म्हणाले. त्यानंतर तिने विचारलं नाही.

युद्ध करावं की न करावं, या प्रश्नावर मी आजही दोन्ही बाजूंनी बोलू शकते, आणि दोन्हींत तथ्य आहे. त्या न टाकलेल्या पत्राबद्दल मात्र मला एकच बाजू आहे. मला लाज वाटते.

डिसेंबरात भाऊ सुट्टीवर आला. त्याने मला बोलावलंय, असा मैत्रिणीचा निरोप आला. मी देवळालीला गेले. तो ओसरीवर खुर्चीत बसला होता आणि डावा पाय समोर स्टुलावर ठेवलेला होता, लोकरीच्या मोज्यात. मोजा पुढच्या बाजूला चपटा पडला होता. मैत्रीण दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

“बस,” तो म्हणाला. “तुझं भाषण तोंडपाठ हाय मला.” आणि त्याने ती वाक्यं एकही शब्द न चुकता म्हणून दाखवली.

“वाचलं तवा आधी हिचा राग आला. मग राग गेला आन् लाज वाटली. कात्रण सगळ्या पोरांनी वाचलं. म्हनले, पोरगी बराबर बोललीय. त्यांना काय म्हाईत, वाक्य कुनाचं ते. मी बी म्हनलो, बराबर हाय.” त्याने स्टुलावरचा पाय जरा सरकवला. “लढाई तर तवा संपलीच हुती. पर वरच्या चौक्या हिवाळ्यात बी राखायच्या हुत्या. सामान वर पोचवायला मानसं पायजे हुती. ड्रायव्हर लोकांना कुनी इचारत नव्हतं. मी सायबापुढं जाऊन हुभा ऱ्हायलो. म्हनलो, आधी मी.”

नोव्हेंबरात तो आणि बरोबरची माणसं वर बर्फात दोन दिवस अडकली होती. त्याची गारठून गेलेली पायाची तीन बोटं काढावी लागली. हे त्याने सांगितलं ते एखाद्याने ट्रक पंक्चर झाल्याचं सांगावं तसं.

“माझं पत्र...” मी म्हणाले.

“कसलं पत्र?”

मैत्रिणीने माझ्याकडे पाहिलं. तिला त्या क्षणी सगळं कळलं.

“न्हाई, मला येकच इचारायचं हुतं,” तो म्हणाला. “ही म्हंती, तुमच्यात बाजू वाटून देत्यात. बोलनाराला तसं वाटतंच असं न्हाई. तुला ते खरंच वाटत हुतं का? का नुसतंच बोललीस?”

खरं सांगायची वेळ ती ऑगस्टमध्ये होती. तेव्हा चार ओळींनी काम झालं असतं. आता तो पाय स्टुलावर होता, आणि तो माझ्याकडे असा बघत होता की उत्तरावर त्याचं काहीतरी टांगलेलं आहे. नुसतंच बोलले म्हणाले असते, तर ती बोटं कशासाठी गेली?

“खरंच वाटत होतं, दादा,” मी म्हणाले. आवाज व्यासपीठावरचाच निघाला, खणखणीत. मला त्याची किळस आली.

“मग ठीक हाय,” तो म्हणाला. खुर्चीत मागे टेकला आणि आत बघून म्हणाला, “चहा टाक की गं हिला.”

मैत्रीण मला स्टँडवर सोडायला आली. श्रीरामपूरची गाडी लागली तेव्हा म्हणाली, “व्हय म्हनालीस ते बरं केलंस. त्याला आता झोप लागंल.”

मी तिचा हात धरायला गेले. तिने तो ओढणीआड घेतला.

“पर आमच्या घरी आता येत जाऊ नको,” ती म्हणाली. “तू त्याला कवा खरं सांगून टाकशील का पुन्हा खोटं बोलशील, याची मला भीती वाटंल.”

मी गाडीत चढले. त्यानंतर संघात सरांनी माझ्याबरोबर दुसरी मुलगी दिली. आणखी दोन ढाली आल्या.