सुखरामभाऊंचा चार्ज

सुखरामभाऊ खोली उघडण्याआधी दारावर टकटक करायचे. खोली रिकामी, कुलूप त्यांनीच लावलेलं, तरी टकटक. मी हसलो की म्हणायचे, "सर, आत कोनी शिकवून राहिलं असन तं?" तिथलं शिकवणं बंद होऊन कित्येक वर्षं झाली होती.

भाऊ आमच्या जुन्या कॉलेजचे शिपाई. भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या गावातली ती इमारत मुळात एका व्यापाऱ्याचं धानाचं कोठार. हातभर रुंद विटांच्या भिंती, सागवानी आढं, वर कौलं आणि खिडक्या पार डोक्याच्या वर. कॉलेज आलं तेव्हा मध्ये भिंती घालून वर्ग केले, पुढे पडवी काढली, मागे प्रयोगशाळा जोडली. खिडक्या मात्र कोणी खाली आणल्या नाहीत. मी तिथंच शिकलो आणि पुढे तिथंच शिकवू लागलो. बाकावर बसलं की आभाळाची एक पट्टी तेवढी दिसायची. "धानाले बाहेर पाहाचं काम नसते जी," भाऊ समजावायचे.

मग कॉलेज हमरस्त्यावरच्या नव्या इमारतीत गेलं. प्राचार्यसाहेब भाऊंना म्हणाले, आठ दिवस थांबा, कोणीतरी येऊन चार्ज घेईल. म्हणजे यादीप्रमाणे सामान पाहायचं, सही करायची, चाव्या घ्यायच्या. कोणी आलं नाही. भाऊ निवृत्तही झाले, पण पडवीतली खाट हलली नाही. बायको आधीच गेलेली. मुलगी शांता आसगावला दिलेली. ती दर पावसाळ्यात धानाच्या रोवणीला बोलवायची.

"जात काहून नाही?" मी त्यांच्याच बोलीत विचारायचो.

"सही झाल्याबिगर कसा जाऊ? उद्या एखादी खुर्ची गेली तं नाव माह्यं निघन." आणि चाव्यांचा जुडगा रागानं खाटेवर आपटायचे. एकदा म्हणाले, "कुलूप मीच लावतो सर, पन आतमंदी मीच आहो."

शेवटी साहेबांनी मलाच पाठवलं. भाऊ अंघोळ करून, खाकी कपडे घालून, वळकटी बांधून तयार. शांताला निरोपही गेलेला. आम्ही खोल्याखोल्यांतून फिरलो. टकटक, कुलूप, मोजणी. सगळं जुळलं. यादीतली शेवटची ओळ होती, पितळी घंटा, एक. ती नव्हती. सामान हलवण्याच्या गडबडीत ती नव्या इमारतीत गेली होती आणि नोंद कोणी केली नव्हती. मला हे पक्कं ठाऊक होतं. तिच्याच ठोक्यावर मी रोज वर्गात जात होतो. तरी म्हणालो, "तेवढं साहेबांकडून लेखी आणतो, मग सही करू." नियमाला धरून वागल्याचं केवढं समाधान वाटलं मला! भाऊंनी वळकटी सोडून पुन्हा खाटेवर पसरली.

ते लेखी मी आज मागतो, उद्या मागतो करत राहिलो. परीक्षा आल्या, मग सुट्ट्या लागल्या. शिवारात रोवणी सुरू झाली त्या आठवड्यात भाऊ त्याच खाटेवर गेले.

तेरवी झाल्यावर शांता माझ्या घरी आली. चाव्या आणि यादी फडक्यात बांधून आणली होती. मी एक ओळही वाचली नाही, घंटेसकट सगळ्यावर सही केली. तिच्याकडे बघायची लाज वाटत होती.

तिनं कागद उलटसुलट करून पाहिला.

"झाली ना जी सही?"

"झाली."

"मंग आता माहा बाप सुटला म्हनाचा?"