तळपायांवरचा मार किडनीत उतरला

ठाण्याच्या सरकारी रुग्णालयात किडनीच्या डॉक्टर मॅडमनी दिनेशचे रिपोर्ट पाहिले. मग चादर वर करून त्याचे तळपाय पाहिले आणि मला वॉर्डाबाहेर बोलावलं.

"याला रॅब्डोमायोलिसिस झालंय," त्या म्हणाल्या. मला काही कळलं नाही हे बघून त्यांनी सोपं करून सांगितलं. जबर मार बसला की आतले स्नायू फुटतात. त्यांच्यातलं द्रव्य रक्तात उतरतं आणि किडनीच्या बारीक नळ्यांमध्ये जाऊन अडकतं. दिनेशच्या किडन्या जवळजवळ बंद पडल्या होत्या. डायलिसिस, म्हणजे रक्त बाहेर काढून मशीनमधून गाळून परत आत सोडणं, लगेच सुरू करावं लागणार होतं.

"कशानं लागलं?" त्यांनी विचारलं.

"गोदामात माल अंगावर पडला," मी म्हटलं.

"माल तळपायांवर कसा पडला?"

भाऊ मरेल ही भीती होतीच. पण खरं सांगितलं तर ज्यांनी मारलं ते लोक परत येऊन त्याला नेतील, ही भीती तिच्या बरोबरीला उभी होती. दोन्हींतली मोठी कोणती हे मला तेव्हा खरंच ठरवता येत नव्हतं. आज कुणी हे वाचून मला वेडी म्हणेल. म्हणू दे, त्याच्या घरावर अशी वेळ न येवो.

मी अंगणवाडी सेविका आहे. भिवंडीपासून आत आमचं गाव आहे. दिनेश माझा धाकटा भाऊ, काल्हेरच्या एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा. त्या गोदामातून मोबाइलचे खोके गायब झाले. धामणकर नाक्यावर शेअर रिक्षाची वाट बघत उभा असताना साध्या कपड्यातल्या दोघांनी "जरा चौकशी आहे" म्हणत त्याला गाडीत घातलं. अटक दाखवली नाही, कुठे नोंद केली नाही.

आई आणि मी पोलिस चौकीवर गेलो तर "असा कोणी इथं नाही" असं उत्तर मिळालं. त्याच्या चपला दाराशीच पडलेल्या होत्या. मी त्यांच्याकडे बोट दाखवलं, तर आतल्या साहेबांनी आम्हाला बाहेर काढलं. आम्ही समोरच्या कट्ट्यावर बसून राहिलो. त्याला सोडेपर्यंत घरी जाऊन यायचीही आमची छाती झाली नाही. आपण उठलो की त्याला दुसरीकडे हलवतील असं आईला वाटत होतं.

खोके सापडले. चुकून दुसऱ्याच गाडीत चढले होते आणि नागपूरला जाऊन पोचले होते. मग त्याला आमच्या हवाली केलं, दोन्ही बाजूंनी धरून आणलेला. साहेब मला म्हणाले, "गोदामात माल पडला असं सांगायचं. नाहीतर पुढच्या वेळी नोंद करून आणू." आवाज अगदी साधा होता.

आमच्याकडे असा मार बसलेल्या माणसाला हळद बांधतात. तेलात मीठ आणि हळद कढवायची, सोसेल इतकी गरम लावायची आणि वर फडकं गुंडाळायचं. "मुका मार हाय, हलदीनं उतरंल," आई म्हणाली आणि तिनं दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत पिवळे केले. मी मोबाइलवर फोटो काढले ते त्यानंतर. गावातल्या डॉक्टरांनी दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिलं. आम्हाला वाटलं, सगळं नीट चाललंय.

आमचा संडास अंगणाच्या पलीकडे आहे. दिनेशचे पाय जमिनीला टेकत नव्हते, म्हणून शेजारचे दोघे येऊन त्याला उचलून न्यायचे. वाटेत गावच्या बायका बघायच्या. चोर म्हणून नेलेला पोरगा तान्ह्या बाळासारखा उचलला जातोय, ही लाज त्याला मारापेक्षा जास्त झाली. त्यानं पाणी पिणंच सोडलं. पाणी नाही तर लघवी नाही, लघवी नाही तर उचलणं नाही, असा त्याचा हिशेब. मी ठेवलेला तांब्या तो उशाच्या खिडकीतून ओतून द्यायचा, हे मला नंतर कळलं. गावभरच्या आयांना पोरांना पाणी पाजा म्हणून ओरडणारी मी, माझ्याच घरात हे चाललं होतं.

लघवी झाली ती कोऱ्या चहाच्या रंगाची. "उष्णता झालीय त्याला, गो बाय," म्हणत आईनं सब्जा भिजवला. मग लघवी थांबलीच. तोंड सुजलं, उलट्या सुरू झाल्या आणि तो बोलता बोलता झोपायला लागला. भिवंडीतल्या दवाखान्यानं हात वर केले आणि आम्ही ठाण्याला आलो.

मॅडम पुढे म्हणाल्या की मार तर होताच, पण न प्यायलेलं पाणी आणि ते इंजेक्शन यांनी किडनीचा उरलासुरला जीव काढला. म्हणून सांगते. तुमच्या घरात कुणाला असा मार बसला आणि लघवीचा रंग बदलला तर हळद नंतर, दवाखाना आधी. आणि हळद लावायचीच असेल तर तिच्या आधी फोटो काढा. आमच्या फोटोंत फक्त पिवळे पाय आहेत.

मानेतून नळी घालून डायलिसिस सुरू झालं. मशीन लावलं की त्याला हुडहुडी भरायची आणि तो माझा दंड धरून ठेवायचा. बाहेरच्या बाकांवर आमच्यासारखेच नातेवाईक बसलेले असायचे. "कशानं झालं?" असं कुणी विचारलं की मी साखरेचा आजार सांगायचे. खाकी कपडे दिसले की मी वाट बदलायचे. एकदा तर रुग्णालयाच्या वॉचमनला बघून मी बायकांच्या संडासात जाऊन दडले.

अशा दुखापतीला एमएलसी म्हणतात, म्हणजे मेडिको-लीगल केस. ती पोलिसांना कळवणं रुग्णालयाला भाग असतं. पोलिसांनी मारलं तरी पोलिसांनाच कळवायचं. त्याप्रमाणे कळवलं गेलं आणि दिनेशला ठेवलं होतं त्याच चौकीवरचे एक हवालदार वॉर्डात आले. वयस्कर होते. खाटेशेजारच्या स्टुलावर बसले आणि हातातलं शहाळं दिनेशपुढे धरलं. वर नळी खोचलेली.

"घे, आराम कर. टेन्शन घेऊ नको," ते म्हणाले. "काय ताई, माल पडला असंच लिहून घेऊ ना?"

मॅडमनी आदल्याच दिवशी मला आणि दिनेशला बजावलं होतं. पोटॅशियम हा रक्तातला एक क्षार असतो. किडनी बंद असली की तो साठत जातो आणि हृदय अचानक थांबू शकतं. केळं नको, संत्रं नको आणि शहाळं तर मुळीच नको. हवालदारांना हे ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. आजाऱ्याला शहाळं नेतात, तसं त्यांनी आणलं होतं.

पण दिनेशला ठाऊक होतं. तरी त्यानं दोन्ही हातांनी ते घेतलं आणि नळी तोंडात धरली. त्याचे डोळे हवालदारांच्या तोंडाकडे होते. पोलिसांनी दिलेलं नको म्हणायची त्याच्यात हिंमत उरली नव्हती. मरायची होती.

मी ते हिसकावलं. निम्मं पाणी चादरीवर सांडलं. "त्याला चालत नाही," एवढंच मी बोलले. हवालदार उठले, "बघा मग, विचार करून सांगा," म्हणाले आणि गेले. मी खाटेच्या कडेवर बसले आणि दिनेशवर ओरडले, "अरे, पीत होतास तू." तो म्हणाला, "ताई, त्यांनी दिलं ना."

त्यावर मला रडू आलं आणि भयंकर रागही आला. इतके दिवस मला वाटत होतं की गप्प राहून मी भावाला वाचवतेय. मी तशीच मॅडमकडे गेले आणि सगळं सांगितलं. कुणी, कुठे, पट्ट्यानं, पाय बांधून, माझ्या कानावर आलं होतं तेवढं सगळं. मॅडमनी दार लावून घेतलं. त्याही घाबरल्या होत्या, ते दिसत होतं.

"मी लिहीन," त्या म्हणाल्या. "उद्या तुम्ही फिरलात तर मी एकटी पडेन. नक्की?"

मी नक्की म्हटलं. त्यांनी तळपायांचं वर्णन नीट लिहिलं, फोटो काढून घेतले आणि एका वकीलबाईंचा पत्ता दिला. वकीलबाईंनी आमची तक्रार त्या चौकीला टाळून थेट वरच्या कार्यालयात दिली.

मग एका सकाळी दिनेशला लघवी झाली. थोडीशीच, पण झाली. मी ते बाकांवरच्या सगळ्यांना सांगत सुटले आणि लाज म्हणून वाटली नाही. एका आजींनी तर माझ्याकडे पेढा मागितला. हळूहळू दोन डायलिसिसमधलं अंतर वाढत गेलं आणि शेवटी ते थांबलं. किडन्या सावरल्या. सगळ्यांच्या सावरत नाहीत, हे मला त्या बाकांवर कळलं आहे.

घरी आल्यावर दुसरा आजार सुरू झाला. गोदामानं दिनेशला परत घेतलं नाही. ओळखीची माणसं येऊन चहा पीत सांगू लागली, पोरगा वाचला ना, मग कशाला वाढवता? रस्त्यावर मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला की आई विझलेली चूल उगाच फुंकत बसायची. दिनेश कुणाशीच बोलत नव्हता. चौकीत काय झालं हे त्यानं मला पूर्ण कधीच सांगितलं नव्हतं. वकीलबाई म्हणाल्या, "डॉक्टरांचा कागद आहे, पण बोलावं त्यालाच लागेल."

चौकशीला बोलावणं आलं तेव्हा मी त्याच्याबरोबर त्या वरच्या कार्यालयात गेले. चौकीवरच्या त्या साहेबांनाही बोलावलेलं होतं, ते तिथल्या व्हरांड्यात उभे होते, मोबाइल बघत. दिनेश त्यांना पाहून जागीच थांबला. मला वाटलं, आता हा मागे फिरणार. फिरला असता तर मी त्याला दोष दिला नसता. तो त्यांच्या समोरून आत गेला आणि मला बाहेर थांबायला सांगितलं गेलं.

दार पुरतं लागत नव्हतं. आतून त्याचा आवाज आला, "मला फार वेळ उभं राहता येत नाही. बसून सांगू का?" खुर्ची सरकवल्याचा आवाज झाला. मग तो सांगू लागला. आधी हळू, मग नेहमीच्या आवाजात. त्यानं माझ्यापासून लपवलेलं एकेक मला त्या फटीतून ऐकू येत होतं आणि मी भिंतीला धरून उभी होते. व्हरांड्यातल्या साहेबांनी मोबाइल खाली केला होता. त्यांनाही ऐकू येत होतं. मला कान झाकून घ्यावेसे वाटत होते, आणि तो थांबू नये असंही वाटत होतं. तो थांबला नाही.