छातीला टेकवलेलं फिडल

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, आणि त्यासाठी मी सगळ्यांत जास्त ऋणी आहे तो माझ्या मामांचा. रामटेकची शाळा संपवून नागपूरला कॉलेजात आलो, तो त्यांच्याकडेच राहिलो. घर एका खोलीचं, आणि त्या खोलीत हातमाग. त्याच्या खटखटाटात वाचलेलं डोक्यात शिरत नसे. हे मी कधी बोललो नाही, पण मामांनी ओळखलं. सकाळी मी पुस्तक उघडलं की माग बंद. मी कॉलेजात गेल्यावर, दुपारी ते विणायला बसत. बी.ए. होईपर्यंत असंच चाललं.

विणणं पोटासाठी होतं. लोक मामांना ओळखत ते खडी गंमतीतले, म्हणजे आमच्याकडच्या तमाशातले, फिडलवाले म्हणून. व्हायोलिनला ते फिडलच म्हणत. मोडलेल्या एका बँडपार्टीकडून ते त्यांना मिळालं होतं. शिकवणारं कोणी नव्हतं. गंमतीत सारे उभ्यानं वाजवतात आणि गाणाऱ्याच्या मागे झीलही वाजवणाऱ्यांनीच धरायची असते. म्हणून मामा फिडल छातीला टेकवत. तोंड मोकळं राही, गाण्याबरोबर श्वास चाले आणि श्वासाबरोबर तारांवरचा गज. कळमेश्वरच्या बाजारात मी पाहिलं आहे, फिडलवाले आले का, हे विचारून मगच लोक बसायला जागा धरत.

पुढे गावोगाव ऑर्केस्ट्रा आले, गंमतीला बोलावणं येईना, मामांची पार्टी मोडली. तेव्हा मी रेडिओ केंद्राच्या चाचणीचा फॉर्म आणला. मामा मामींना म्हणाले, "हे जमलं तर ठीक. नाही तं फिडल खुंटीले लावतो."

चाचणीच्या आठवडाभर आधी मी शहाणपणा केला. कॉलेजच्या संमेलनात एका बाईंना व्हायोलिन हनुवटीखाली धरून वाजवताना पाहिलं होतं. म्हटलं, "मामा, रेडिओवर असं धरावं लागते."

"काहून गा? झोपाचं हाय का मले, उशी घेऊन?"

"शिकलेले लोक असंच धरतात."

ते हसायचे थांबले. "तू शिकला, मी चौथी नापास. तुह्यंच बरोबर असन."

आठ दिवस ते मान वाकडी करून वाजवत राहिले. चाचणीला मी बाहेर बाकावर बसलो होतो. मामा बाहेर आले तेव्हा हनुवटीखाली लाल वळ उठला होता. म्हणाले, "गज चालतच नव्हता गा." पंधरा दिवसांनी नकाराचं पत्र आलं, सहा महिन्यांनी पुन्हा अर्ज करता येईल, असं त्यात होतं. फिडल खुंटीला लागलं.

मला कळमेश्वरला मास्तरकी मिळाली. एका रविवारी घरी गेलो तर मामी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "त्यायचा हात तोंडावर चालते. आन् तू तोंडच बांधून टाकलं." मामा मागावर बसले होते. त्यांनी ऐकलं आणि विणत राहिले.

त्यानंतर मामा दुसऱ्या चाचणीला गेले आणि पुढे कितीतरी वर्षं रेडिओवर वाजवत राहिले. त्याआधी मी त्यांना एक पत्र पाठवलं होतं. चारदा लिहून फाडलं होतं, म्हणून अजून पाठ आहे.

"मामा, नमस्कार. सोबत नवा फॉर्म आहे. मागच्या वेळी चूक माझी झाली. एका बाईंना एकदा पाहिलं, तेवढ्यावर मी तुम्हाला शिकवायला निघालो. या वेळी फिडल छातीलाच टेकवा. तोंड मिटू नका. झील मोठ्यानं धरता आली नाही तर ओठांत धरा. कोणी विचारलं तर सांगा, आमच्याकडे असंच वाजवतात. कोणाकडे शिकलात, या ओळीत मागे मी 'खासगी' असं लिहिलं होतं. आता ती कोरी ठेवली आहे. खरं काय ते तुमच्या हातानं लिहा. त्या दिवशी मी सुट्टी काढून येतो. बाहेरच बसेन. मामींना सांगा, जेवायला घरीच आहे."