काकूचा बेगोनिया

आमचे काका शिंपी. शिवण झाली की कापड दोन्ही बाजूंनी धरून टाका ओढून बघायचा, ही त्यांची जन्माची खोड. ताण सोसते तीच शिवण, बाकी सगळा देखावा, असं त्यांचं म्हणणं. या खोडीपायी काकूचा बेगोनिया हातचा जायची वेळ आली होती.

काकू गेल्यावर शिलाई मशीनशेजारच्या खिडकीतली तिची कुंडी काका सांभाळू लागले. सांभाळू लागले म्हणजे काय, तिची आठवण आली की पाणी घालायचे. आठवण तर सारखीच यायची. मुळं कुजली आणि चंदेरी पट्ट्यांच्या पानांचं ते देखणं झाड आडवं झालं.

शेंड्याकडचे धड तुकडे तेवढे मी कापून घेतले. पेराखाली काप दिला, खालची पानं काढली, कोकोपीट आणि वाळूचं मिश्रण जेमतेम ओलं करून त्यात ते खोचले, वरून प्लॅस्टिकची पिशवी घातली. काकांचं काम एकच, हात न लावणं. नेमकं तेच त्यांना जमेना. रोज सकाळी पिशवी काढून ते तुकडा हलकेच ओढून बघत. फुटू लागलेलं कोवळं मूळ तुटून जाई.

"काका, ही काय पँटची शिवण आहे?"

"अगं, पण धरलंय की नाही, ते कळायला नको?"

मी भयंकर चिडले होते, पण त्यांचा चेहरा बघून पिशवी पुन्हा नीट घातली.

शेवटी एकच पान उरलं. ते मी सरळ माझ्या घरी आणलं. मागच्या जाड शिरांवर ब्लेडने काप दिले, पान ओल्या कोकोपीटवर सपाट टेकवून टाचण्यांनी टाचलं आणि वर पारदर्शक डबा पालथा घातला. काका रोज दुकान बंद करून यायचे. डब्याला मी हात लावू देत नसे. मग ते समोर खुर्ची टाकून बसत आणि काकूच्या गोष्टी सांगत. ती रुसली की त्यांच्याशी बोलणं बंद करून झाडाकडे त्यांच्या तक्रारी करायची म्हणे. हे सांगताना हसायचे आणि हसता हसता थांबायचे.

हळूहळू त्या कापांतून नखाएवढी रोपं वर आली. त्यांतलं एक मोठं झाल्यावर कुंडीत लावून मी काकांच्या हातात दिलं. बराच वेळ त्यांनी ते धरून ठेवलं आणि पुन्हा माझ्याच खिडकीत ठेवलं.

"इथंच असू दे गं. घरी नेलं की ते नुसतं झाड होईल. इथं आहे तोवर दुकान बंद करताना वाटतं, ती तुझ्याकडे आलीय आणि मला तिला भेटायला जायचंय."