मांगरात झोपलेला माणूस

"त्याला उठवू नका. दारू ढोसून पडलाय."

आंब्याच्या बागेचे मालक आप्पा माझ्याबद्दल बोलले. पावस गावी त्यांच्या मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, मी पेंढ्यावर, भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. दारात मुंबईचे दोन व्यापारी. पेट्या भरणाऱ्या बायका खुदकन हसल्या. त्यांच्यात माझी बायकोही होती. तिने मान खाली घातली.

मी जागा होतो. पण उठवत नव्हतं.

दोन हजार चार सालचा हंगाम. माझ्या दोन्ही किडन्या गेलेल्या. आठवड्यातून दोनदा पहाटेच्या एसटीने रत्नागिरी, चार तास मशीनवर. रक्त धुऊन निघतं, माणूस पिळून निघतो. पाय आपले राहत नाहीत. कुणी हाक मारली तर ओ द्यायचं त्राण नसतं. झोपूनही हा थकवा जात नाही.

आप्पांना सगळं ठाऊक होतं. पहिल्यांदा त्यांनीच जीपमधून नेलं, मशीनशेजारी स्टुलावर बसले. मी त्यांचा आंबा निवडायचो. कुठलं फळ चार दिवसांनी पिकेल, कुठलं आठ, हे नुसतं हातात घेऊन सांगायचो. "मशीनवरनं आलास की मांगरात आडवा हो. संध्याकाळी तेवढी निवड कर. कुणाला सांगू नको, लोक उगाच बाऊ करतात. मी आहे ना." मी तोंड शिवून ठेवलं. त्यांना देव मानलं. मूर्ख मी.

व्यापारी पडवीत सरबत प्यायला गेले. आप्पा आंबा कापायची सुरी न्यायला आत आले.

"आप्पा, मी थेंबाला शिवत नाय. तुम्हाला म्हायती हाय."

ते हळूच म्हणाले, "अरे, आजारी माणसाने निवडलेला आंबा कोण घेईल? दारुड्याचं कुणी मनावर घेत नाही. तूही घेऊ नको."

पाणीसुद्धा मोजून पिणारा माणूस मी. बायकोच्या देखत मला दारुडा केला, आणि वर समजूतही मलाच घालत होते. माझं डोकं फिरलं.

भिंत धरून उठलो. पडवीपर्यंत जाताना दोनदा खाली बसलो. व्यापाऱ्यांपुढे डावी बाही वर केली. मशीनसाठी डॉक्टरांनी तिथे शिरा जोडल्यात, त्या जागी आत रक्त सारखं थरथरतं.

"हात लावून बघा. मी पिलेलो नाय. माझ्या किडन्या गेल्यात. तुमचा आंबा ह्याच हातांनी निवडलाय."

एकाने बोट टेकवलं आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं. आप्पा म्हणाले, "घरी जा." बायको हातातला आंबा तसाच टाकून माझ्याबरोबर निघाली.

पुढच्या हंगामात आप्पांचा निरोप आला, निवड नीट होत नाही, ये. मी गेलो नाही. मशीनवरनं आलो की आता माझ्याच ओटीवर, रस्त्याकडे तोंड करून झोपतो. कुणी विचारलं तर काय झालंय ते मीच सांगतो. हात अजून चालतात. आप्पांच्या आंब्याला ते पुन्हा लागणार नाहीत.