डब्याचा आवाज ओळखणारी मावशी

महाळुंग्याच्या कंपनीत मी रुजू झाले तेव्हा अन्न तंत्रज्ञानाची पदवी नुकतीच हातात आली होती. डबाबंद पदार्थांमधलं आपल्याला सगळं कळतं, अशी माझी पक्की समजूत होती. आमच्याकडे मक्याचे दाणे पत्र्याच्या डब्यांत भरून, झाकण बसवून, वाफेच्या भल्यामोठ्या कुकरमध्ये शिजवायचे. डबे गार झाले की मावशींच्या टेबलावर यायचे.

मावशी पन्नाशीच्या. शेजारच्याच गावच्या, घरची शेती सांभाळून शिफ्टला यायच्या. हातात वीतभर सळई. त्या सळईनं प्रत्येक झाकणावर हलकेच टिचकी मारत त्या पुढे सरकायच्या. आत हवा शिरली नसेल तर झाकण ताणलेलं असतं, डबा टणकन वाजतो. झाकण आणि डबा जोडणारा सांधा सैल असेल तर आवाज बद्द येतो. आमच्या पुस्तकात ही पद्धत दोन ओळींत उरकली होती, त्यामुळे मीही तिला फार किंमत देत नव्हते.

दुसऱ्याच महिन्यात एका दुपारी त्यांनी मला बोलावलं.

"मॅडम, कायतरी बिघडलंय. चारातला एक बद्द बोलतोय."

"मी नमुने तपासलेत मावशी. ठीक आहेत."

"ते सकाळचं. हे जेवणाच्या सुट्टीनंतरचं हाय."

तेवढ्यात सुपरवायझर आला. "अहो मावशी, गाडी लावलीय. भरू द्या की!"

मावशींनी सळई टेबलावर ठेवली आणि डब्यांच्या थप्पीसमोर उभ्या राहिल्या. "माझ्या हातनं पुढं जायचं न्हाई. कुणाची तरी लेकरं खानार ते."

त्यांनी बाजूला काढलेला एक डबा मी प्रयोगशाळेत नेला, सांधा कापला आणि भिंगाखाली धरला. झाकणाची घडी डब्याच्या घडीत जेमतेम अडकली होती. झाकण बसवणाऱ्या मशीनला चार मुंडकी होती, दर चौथा डबा एकाच मुंडक्याखाली यायचा. त्यातल्या एकाचा घडी दाबणारा रोलर ढिला झाला होता. म्हणूनच चारातला एक! दुपारचा सगळा माल अडवला. बाहेरून ते डबे इतके चकचकीत दिसत होते की मी निर्धास्त सही केली असती. सैल सांध्यातून आत जंतू शिरतात, हे वर्गात शिकलेलं त्या क्षणी आठवलं.

संध्याकाळी चहाला मी मुद्दाम त्यांच्याशेजारी बसले. मला येत होतं ते सांगितलं. ही विद्या फ्रान्समधल्या एका मिठाईवाल्याची. त्यानं काचेच्या बाटल्यांत अन्न भरलं, बुचं घट्ट ठोकली आणि बाटल्या उकळत्या पाण्यात ठेवल्या. अन्न टिकलं. का टिकलं, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. अन्न जंतूंमुळे नासतं, हा शोध तो गेल्यावर लागला.

"म्हंजे कारण ठावं नव्हतं, पर हाताला कळत व्हतं," मावशी म्हणाल्या.

पत्र्याचे डबे आले, तेव्हा ते उघडायचं साधनच नव्हतं. कितीतरी वर्षं लोक छिन्नी-हातोडीनं फोडायचे. हे ऐकून त्या इतक्या हसल्या की चहा बशीत सांडला.

"बांधनाऱ्यानं सोडनाऱ्याचा इचारच केला न्हाई की!"

दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्या हाताखाली शिकू लागले. सुरुवातीला मला सगळ्याच डब्यांचा आवाज एकसारखा वाटायचा. त्या चिडल्या नाहीत. चांगला आणि वाईट डबा शेजारी ठेवून पुन्हा पुन्हा वाजवायला लावायच्या. मशीनच्या घरघरीत तो बारीक फरक कानाला सापडायला मला पाच आठवडे लागले.

मग एके दिवशी त्यांनी सळई माझ्या हातात दिली आणि स्वतः माझ्याकडे पाठ करून बसल्या. मी टिचक्या मारत निघाले. बराच वेळ सगळं नीट वाजलं. मग एक आवाज खटकला. मी डबा उचलून बाजूला ठेवला.

"तो न्हाई गं," मान न वळवता त्या म्हणाल्या, "त्याच्या अलीकडचा."

मी दोन्ही डबे कापून पाहिले. सैल सांधा अलीकडच्याच डब्याचा होता.