लहानसा आकडा

इस्पितळाच्या खिडकी नंबर दोनवर नोंदणीला बसणाऱ्या बाईंना सगळे नोंदबाई म्हणत. सव्वीस वर्षांत तिथली खुर्ची तीनदा बदलली, बाई त्याच राहिल्या. नाव, वय, पत्ता विचारायचा आणि 'तक्रार' या रकान्यात काय होतंय ते लिहायचं, एवढंच काम. पण बाईंनी हे एवढंसं काम कधी एवढंसं ठेवलं नाही.

त्याला कारण थोरले डॉक्टर. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी सात केसपेपर परत पाठवले, कारण सातही जणांपुढे बाईंनी 'पोटात दुखते' असं लिहिलं होतं. म्हणाले, दुखतं म्हणूनच माणूस इथे येतो, ते मला ठाऊक आहे; कसं दुखतं ते त्याच्याच शब्दांत लिहा. तेव्हापासून बाई खोदून खोदून विचारू लागल्या. ठणकतंय की सलतंय? कळ येऊन जाते की बसून राहते? बोचतं, पिळवटतं, चमकतं, ठसठसतं, भगभगतं? पुढे पुढे डॉक्टर त्यांची ओळ वाचूनच कामाला लागत. ठणका असेल तर पू शोधायचा, सल असेल तर आत काही रुतलंय का बघायचं. दुसऱ्याचं दुखणं आपल्याला कधीच पुरतं कळत नाही, हे बाईंनाही मान्य होतं. पण शब्द मिळाला की निदान त्याच्या दारापर्यंत जाता येतं, असं त्या म्हणत.

पुढे थोरले डॉक्टर निवृत्त झाले आणि मग कॉम्प्युटर आला. तक्रारीच्या जागी दहा चेहरे आले. पहिला हसरा, दहावा रडका, प्रत्येकाखाली आकडा. पेशंटला विचारायचं, एक ते दहामध्ये किती? तीनपर्यंत सांगितलं की मशीन त्याला किरकोळ तपासणीला धाडणार, सातच्या वर गेलं की तातडीच्या विभागात, मधले मधल्या रांगेत. माणशी चाळीस सेकंद. जास्त लागले की पडद्याची कड लाल व्हायची, आणि कुणाची कड किती वेळा लाल झाली याचा कागद दर महिन्याला भिंतीवर लागायचा.

शिकवायला आलेल्या इंजिनिअरशी बाई पोटतिडकीने भांडल्या. तो बिचारा सभ्य होता.

"बाई, शब्दाचा अर्थ प्रत्येक जण वेगळा लावतो," तो म्हणाला. "आकडा सगळ्यांना सारखा."

"माझे चार आणि तुमचे चार सारखेच, हे तुम्ही कशावर मोजलंत?"

तो हसला आणि पुढचा पडदा दाखवू लागला.

पडद्याच्या तळाशी 'शेरा' म्हणून एक चौकोन होता, वीस अक्षरांचा. बाई त्यात आपलं सामान कोंबू लागल्या. 'जेवल्यावर पिळवटतं, पालथं पडलं की बरं' एवढं वीस अक्षरांत बसवताना नाकी नऊ यायचे. तीन महिने कोंबून झाल्यावर कळलं की हा शेरा डॉक्टरांच्या पडद्यावर दिसतच नाही. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या इस्पितळाच्या मोठ्या साहेबांकडे गेल्या. साहेबांनी लेखी द्या म्हटलं, म्हणून लेखी दिलं. उत्तर आलं, सूचनेची नोंद घेतली आहे. कुठल्या रकान्यात घेतली हे विचारायला गेल्या तेव्हा साहेब मीटिंगमध्ये होते. मग त्या पेशंटच्या हातात चिठ्ठ्या देऊ लागल्या, तर चिठ्ठ्या बंद करणारं परिपत्रक निघालं.

हा सगळा जळफळाट घरी नवऱ्यापुढे ओतला जाई. नवरा दुकानांच्या पाट्या रंगवणारे पेंटर. गल्लीत सगळे त्यांना पेंटरच म्हणत. छापील फलक आल्यापासून अर्धं काम गेलं होतं, उरलेलं ते अजून शिडीवर चढून हाताने करत. स्वतःच्या दुखण्याखुपण्याबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही. बायकोचं मात्र शेवटपर्यंत ऐकून घेत आणि म्हणत, तुझ्या शब्दांना मशीनमध्ये जागा नाही आणि माझ्या अक्षरांना भिंतीवर, चल, जेवून घेऊ.

दीड वर्षात बाई थकल्या. कुणाकुणाशी भांडणार? जिभेला 'एक ते दहा'ची सवय लागली. सलग दोन महिने कड एकदाही लाल झाली नाही, तेव्हा साहेबांनी त्यांना प्रशस्तिपत्रक दिलं. बाईंनी ते आणून कपाटात उपडं ठेवलं.

त्यानंतरच्याच एका सोमवारी रांग दाराबाहेर गेली होती. मान वर न करता बाईंनी विचारलं, एक ते दहा, किती? उत्तर आलं, तीन. आवाज ओळखीचा वाटला म्हणून त्यांनी वर पाहिलं, तर समोर पेंटर. घरी काही बोलले नव्हते. वशिला नको म्हणून गुपचूप रांगेत उभे राहिले होते. अहो, काय झालं, असं बाईंनी विचारलं, तर हात जरा धरलाय, तू आटप, म्हणाले. पडद्याची कड लाल व्हायच्या बेतात होती. बाईंनी तीन दाबले आणि पुढच्याला बोलावलं. किरकोळ तपासणीत पेंटरांना चोळायचं मलम मिळालं.

संध्याकाळी घराचा जिना चढताना ते मध्येच थांबले. मागून भाजी घेऊन येणाऱ्या बाईंनी पिशवी पायरीवर ठेवली.

"कसं होतंय?"

पेंटर कठड्याला टेकले. "भरून येतं. छातीपासून कोपरापर्यंत. शिडी चढलो की येतं, टेकलो की ओसरतं."

चढताना भरून येतं, टेकलं की ओसरतं. ही ओळ बाईंनी आजवर कितीतरी कागदांवर लिहिली होती, आणि दर वेळी थोरले डॉक्टर खुर्ची सोडून स्वतः बाहेर आले होते.

त्या त्यांना घेऊन उलट पावली इस्पितळात गेल्या. ड्यूटीवरच्या डॉक्टरीणबाईंनी पडदा उघडला आणि सकाळी तर तीनच लिहिलंय, सौम्य, असं म्हणाल्या.

"तो आकडा मी टाकलाय," नोंदबाई म्हणाल्या. "तो राहू दे. मी सांगते ते ऐका."

डॉक्टरीणबाईंनी ऐकलं, ईसीजी काढला, आणि मग सगळ्यांचीच धावपळ उडाली. आणखी एक दिवस शिडी चढले असते तर काही सांगता आलं नसतं, असं त्या नंतर म्हणाल्या. बाईंनी दुसऱ्या दिवशी तो तीन बदलायचा प्रयत्न केला. दुरुस्तीची मुदत संपली आहे, असं मशीनने कळवलं.

तिसऱ्या दिवशी पेंटर नीट बोलू लागले. खाटेशेजारी बसून बाई तीन दिवस इंजिनिअरला, साहेबांना आणि त्या दहा चेहऱ्यांना शिव्या घालत होत्या. शिव्या संपल्यावर त्यांनी विचारलं, एवढं होत होतं, तर तीन का सांगितलंत?

"तू आकडा मागितलास," पेंटर म्हणाले. "तुझ्यापुढे केवढी रांग होती. म्हणून लहानसा दिला."